शेपूट डावीकडे

कंपाउंड धनुष्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते धनुष्य आहे हे पटतच नाही. आमची पिढी रविवारी सकाळी टीव्हीसमोर मांडी घालून महाभारत बघत वाढलेली. आमच्या लेखी धनुष्य म्हणजे वाकवलेली एक सोनेरी काठी, तिला एक दोरी, आणि सुटल्यावर आकाशात एकाचे दहा होणारे बाण. इथे काठीच्या जागी ॲल्युमिनियमचा रायझर. त्याच्या वर आणि खाली आखूड, जाड पात्या, त्यांना लिंब म्हणतात. पात्यांच्या टोकांना वेडीवाकडी चाकं, ते कॅम. दोरी एक नव्हे, तीन : एक स्ट्रिंग आणि दोन केबल. समोर स्टॅबिलायझरचा हातभर लांब दांडा, बाजूला नेम धरायच्या साइटचं भिंग, भिंगात पाणसळीसारखा बुडबुडा. आमच्या वॉचमनने ते बॅगेबाहेर पहिल्यांदा बघितलं तेव्हा "डिश बदलली का साहेब?" असं विचारलं होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

हे प्रकरण आमच्या मुलुंडच्या घरी आलं ते पुतणीबरोबर. ती साताऱ्याची. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याचीच अदिती स्वामी, वय वर्षं सतरा, मेक्सिकोच्या अँड्रिया बेसेराला १४९-१४७ असं हरवून कंपाउंडची जागतिक विजेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचं विजेतेपद मिळवलं, तेही १५० पैकी १५० करून. म्हणजे पन्नास मीटरवरून पंधरा बाण, आणि पंधराही आठ सेंटिमीटर व्यासाच्या पिवळ्या वर्तुळात. दोघंही साताऱ्यात प्रशिक्षक प्रवीण सावंतांकडे घडलेले. ती बातमी आली त्या संध्याकाळी माझा धाकटा भाऊ पेढे घेऊन गावभर फिरला, जणू मॅच त्यानेच खेळली होती. पुढच्या महिन्यात त्याची मुलगी मैदानावर उभी होती. आणि पुढे इंजिनिअरिंगला मुंबईचं कॉलेज मिळाल्यावर ती, तिची बॅग आणि तिच्या बॅगेहून मोठी धनुष्याची पेटी आमच्या दोन खोल्यांत दाखल झाली.

या धनुष्याची गंमत सांगतो. मिसूरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थाने साध्या धनुष्याची टोकं करवतीने कापली आणि तिथे चाकं बसवली. पेटंटचा अर्ज १९६६ चा, पेटंट मिळालं १९६९ ला. चाकांचा मध्य मुद्दाम बाजूला सरकवलेला. त्यामुळे स्ट्रिंग ओढायला सुरुवात करताना जोर लागतो, पण पूर्ण ओढून झाली की कॅम उलटतो आणि ओझं एकदम उतरतं. स्पर्धेत जास्तीत जास्त ६० पौंडांची परवानगी आहे, म्हणजे २७ किलो. ते ओढायचे, पण नेम धरून थांबताना हातावर उरतात सात-आठ किलो. एवढा जोर लावल्यावर शेवटी आराम देणारं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या पेन्शन योजनेतसुद्धा ही सोय नाही.

पण माणूस म्हटला की त्याला दोरी ओढून बघायची असतेच. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं पहिलं वाक्य "अरे वा!" आणि दुसरं "जरा बघू." पुतणीने यासाठी पेटीच्या झाकणावर आतून कागद चिकटवला आहे : रिकामी ओढू नये. बाण न लावता स्ट्रिंग सोडली तर जी शक्ती बाणाला घेऊन जायला हवी ती धनुष्यातच राहते. मग स्ट्रिंग कॅमवरून उडते, लिंबला चीर जाते, आणि पाहुण्यांच्या डोळ्याचंही काही सांगता येत नाही. हे सगळं समजावून सांगितल्यावर पाहुणे गंभीरपणे मान डोलावतात आणि म्हणतात, "कळलं. हळूच ओढतो."

तर दसऱ्याची गोष्ट. आदल्या आठवड्यात पुतणीने नवी स्ट्रिंग आणि नव्या केबल बसवून आणल्या होत्या. खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा असते. एरवी त्यात विळी, पकड, स्क्रू-ड्रायव्हर आणि माझा जुना स्टेपलर असतो. यंदा प्रथमच खरं शस्त्र मिळाल्यामुळे सौ.चा उत्साह अनावर झाला. धनुष्य पाटावर ठेवलं, स्टॅबिलायझरच्या दांड्याला झेंडूची माळ, भिंगाला गंध, दोन्ही कॅमना हळदकुंकू, वर अक्षता. पुतणी "काकू, बेअरिंगला नको, बेअरिंगला नको" असं म्हणत होती, पण आरती सुरू झाली होती.

दोन दिवसांनी मैदानावर बाण डावीकडे जायला लागले.

डावीकडे म्हणजे किती, तर चार बोटं. पण पन्नास मीटरवर दहाच्या वर्तुळाची त्रिज्या चार सेंटिमीटर. चार बोटं डावीकडे गेलेला बाण नवात किंवा आठात जातो, आणि या खेळात नऊसुद्धा शरमेचा आकडा आहे. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायला जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या माइक श्लोसरला हरवलं ते १४९-१४८ असं. दोघांनी मिळून तीस बाण मारले, त्यात गमावलेले गुण तीन. अशा दुनियेत आठ मारणाऱ्याने मैदानावरून मागच्या गेटने घरी यावं, असा संकेत आहे.

साइट डावीकडे सरकवली की बाण मध्ये येतो. तेवढ्यावर भागलं असतं तर हा लेख झाला नसता. पण सरकवूनही बाणांचा गठ्ठा, ज्याला ही मुलं ग्रुप म्हणतात, तो जवळ येईना. एक मध्ये, एक खाली, एक परत डावीकडे. याचा अर्थ बाण धनुष्यातूनच सरळ निघत नाही. मग करायची ती पेपर टेस्ट.

पेपर टेस्ट म्हणजे लाकडी चौकटीत वर्तमानपत्र ताणून लावायचं, मागे बाण अडवणारा जाड फोमचा ठोकळा, आणि दोन मीटरवरून बाण कागदातून मारायचा. टोकाचं एक गोल भोक पडतं आणि मागच्या तीन पिसांच्या तीन चिरा. भोक आणि चिरा एकाच जागी उमटल्या तर बाण सरळ गेला. चिरा एका बाजूला गेल्या तर बाण शेपूट हलवत गेला. शेपूट वर फाटलं तर स्ट्रिंगवरचा नॉकचा, म्हणजे बाणाच्या शेपटाच्या खाचेचा, बिंदू वर आहे किंवा बाण टेकतो ती छोटी पट्टी, म्हणजे रेस्ट, खाली बसलाय किंवा दोन कॅम बरोबर फिरत नाहीत. बाजूला फाटलं तर संशयितांची यादी बरीच लांब. पावसाळ्यात ही परीक्षा घेता येत नाही, कारण मुलुंडचा जुलैतला पेपर सादळलेला असतो आणि फाटण्याऐवजी बाणाबरोबर आत जातो. ऑक्टोबरमधला पेपर मात्र कडक. पुतणीने नेमकं रविवारचं वधूवर सूचक पान लावलं होतं. बाणाचं टोक "उच्चशिक्षित, पुण्यात स्वतःचा फ्लॅट" मधून गेलं आणि शेपूट शेजारच्या रकान्यात "अपेक्षा : निर्व्यसनी" फाडून गेलं. इंचभर डावीकडे.

ते फाटकं पान घरी आलं आणि सोसायटीभर फिरलं. इथून पुढची कथा आमच्या उपनगराची आहे, धनुष्य निमित्तमात्र.

मुंबईच्या उपनगरात ज्याने आयुष्य काढलं त्याला गळती कळते. आमच्या बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्याच्या छताला डाग आहे. पाणी नेमकं कुठून येतं यावर तिसऱ्या मजल्याचं आणि दुसऱ्या मजल्याचं बोलणं बंद झाल्याला बरीच वर्षं झाली. प्लंबरने सांगितलेलं आहे, की डाग जिथे दिसतो तिथे पाणी झिरपत नसतं. ते कुठून तरी शिरतं, स्लॅबमधून आडवं चालत येतं आणि सोयीच्या जागी खाली उतरतं. कागदावरची फाट तंतोतंत तशी. शेपूट डावीकडे दिसतं, पण कारण रेस्टमध्ये असेल, कॅम कलला असेल, बाण धनुष्याच्या मानाने मऊ असेल, पीस कुठेतरी घासत असेल, मनगट पिळलं जात असेल, नाहीतर स्ट्रिंग गालाला दाबत असेल. सहा कारणं, डाग एक. आता अशा वेळी शहाण्याने एक कारण तपासावं, बाकीची तशीच ठेवावीत, निकाल लिहावा, मग दुसरं कारण. धनुष्य जुळवण्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे. पण आमच्या इमारतीत आजवर कुणी एका वेळी एक गोष्ट केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे काका. एलबीएस रोडवर कारखाने होते तेव्हा ते टूलरूममध्ये होते. आता तिथे टॉवर आहेत, पण काकांचा व्हर्निअर कॅलिपर मखमली डबीत शाबूत आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फाट मोजली, बाण मोजला, रेस्ट मोजला आणि म्हणाले, "सेंटर आउट आहे."  रेस्ट मधल्या रेषेत हवा. काकांनी हिशेबही मांडून दाखवला. नॉकपासून रेस्टपर्यंत सुमारे सत्तर सेंटिमीटर; रेस्ट एक मिलिमीटर सरकला तर पन्नास मीटरवर फरक सात सेंटिमीटर. एका मिलिमीटरमध्ये दहाचा बाण वर्तुळाबाहेर. हा हिशेब अगदी बरोबर होता, आणि तिथेच घोटाळा झाला. बरोबर हिशेब करणाऱ्या माणसाच्या हातून पाना काढून घेण्याचं धैर्य आमच्यात कुणाला नाही. काकांनी रेस्ट हलवला.

बाणाच्या कडकपणावर मात्र त्यांचं आणि पुतणीचं जुळेना. बाण किती वाकतो त्याला स्पाइन म्हणतात. अठ्ठावीस इंचांच्या अंतरावर दोन टेकू ठेवून मध्ये ८८० ग्रॅमचं वजन टांगायचं आणि बाण इंचाचे किती हजारांश खाली आला ते बघायचं. ४०० म्हणजे ०.४ इंच. म्हणजे आकडा जेवढा लहान तेवढा बाण कडक. "मग त्याला कडकपणा कशाला म्हणता? मऊपणा म्हणा," काकांचा मुद्दा. अर्धा तास त्यात गेला.

दुसरा आला पाचव्या मजल्यावरचा जिमवाला मुलगा. त्याच्या मते सगळ्या दुःखाचं मूळ कमी वजन. "पाउंडेज वाढव, ताई. स्पीड आला की सरळ जाईल." लिंब रायझरला जिथे बसतात तिथे मोठे बोल्ट असतात, ते आवळले की ओढायचं वजन वाढतं. पण वरचा जेवढा फिरवाल तेवढाच खालचाही फिरवायचा, नाहीतर दोन पात्यांचा तोल बिघडतो. मुलाने वरचा बोल्ट पूर्ण फेरा आवळला आणि त्याला फोन आला. तो बोलत बोलत खाली गेला. खालचा बोल्ट राहिला.

तिसऱ्या आमच्या सौ. त्यांचं मत होतं की हळद बेअरिंगमध्ये गेली असेल तर तो देवाचा दोष नाही, पण पुसून बघायला हरकत नाही. त्यांनी ओल्या फडक्याने कॅम पुसले, आणि पुसताना स्ट्रिंगमधला पीप फिरवला. पीप म्हणजे स्ट्रिंगच्या धाग्यांमध्ये अडकवलेली बारीक कडी, तिच्या भोकातून समोरचं भिंग बघायचं. तो थोडा जरी फिरला तर भोकाऐवजी काळी कडा दिसते. "डोळ्यासमोर अंधारी येतेय," पुतणी म्हणाली. "उपाशी असशील," सौ. म्हणाल्या आणि आत शिरा करायला गेल्या.

याच दरम्यान लिपस्टिकचा प्रयोग झाला, आणि तो खरोखर शास्त्रीय आहे. पीस रेस्टला किंवा केबलला घासतं का हे बघायला पिसांच्या कडांना लिपस्टिक लावतात. बाण सुटला की जिथे घासलं असेल तिथे रंग उमटतो. पावडरनेही चालतं, पण पुतणीला लिपस्टिक सांगितली गेली होती. ती स्वतः वापरत नाही. सौ.नी कपाटातून लग्नकार्यासाठी राखून ठेवलेली मरून काढून दिली, चेहऱ्यावर कर्तव्यभावना ठेवून. बाण मारला, रेस्ट स्वच्छ. एका संशयिताची निर्दोष सुटका झाली. ही एकमेव चाचणी जिच्यात कुणी दुसरं काही हलवलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष लिपस्टिकच्या किमतीवर होतं.

पुढच्या सकाळी पेपर टेस्टमध्ये शेपूट उजवीकडे आणि वर. म्हणजे जुना आजार गेला आणि दोन नवे आले, आणि कुठला कुणाचा हे कुणाला सांगता येईना. काका म्हणाले, "बघ, डावीकडचं गेलं ना?" जिमवाला म्हणाला, "वर गेलं म्हणजे स्पीड आलाय." दोघंही समाधानी होते. सोसायटीच्या मीटिंगा यशस्वी होतात त्या अशाच.

खालचा बोल्ट फिरवावा म्हटलं तर पाना बसेना. या धनुष्यांचे बहुतेक स्क्रू षटकोनी खाचेचे, म्हणजे ॲलन की लागते. (हा ॲलन वेगळा, चाकांचा ॲलन वेगळा. दोघांनी मिळून आमच्या घरी मुक्काम केला होता.) माल अमेरिकन असल्याने खाचा इंचाच्या. आणि तीन-षोडशांश इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात सगळ्या चाव्या मिलिमीटरच्या. पाच नंबर आत जात नाही, साडेचार आत गेली की गरगर फिरते आणि खाचेचे कोपरे झिजवते. दुकानदाराने साडेचारची पुढे सरकवली. "घेऊन जा, चालेल." मी म्हटलं, ढिली होतेय. "कागद लावा," तो म्हणाला. कंपाउंड धनुष्याच्या स्क्रूला कागदाची पट्टी लावून आवळावं असा सल्ला जगात फक्त आपल्याकडे मिळू शकतो. एकलव्याच्या वेळी अंगठा मागितला गेला. आज तो मागून काही उपयोग नाही, बटण दाबून बाण सोडणारं रिलीज मिळतं. आजच्या द्रोणाचार्यांनी इंचाच्या ॲलन कींचा संच मागावा. शिष्य कायमचा हतबल होईल.

शेवटी अंधेरीच्या सरांकडे जायचं ठरलं. सर स्वतः खेळत होते, आता मुलांची धनुष्यं जुळवतात. उपनगरात बो-प्रेस असलेली घरं फार नाहीत. केबलला पीळ द्यायचा तर आधी लिंब दाबून स्ट्रिंग सैल करावी लागते, आणि ते काम हाताने करायला जाणाऱ्याने आधी विमा उतरवावा.

मुलुंडहून घाटकोपर लोकलने, पुढे मेट्रोने अंधेरी. पेटी उभी ठेवली तर लोकांच्या गुडघ्यांत, आडवी ठेवली तर शिव्यांत. भांडुपला एका आजोबांनी विचारलं, "सतार?" पुतणीने हो म्हणून टाकलं. "कोण शिकवतं?" मग विक्रोळीपर्यंत तिला सतारीबद्दल बोलावं लागलं. घाटकोपरला मेट्रोच्या स्कॅनरमधून पेटी गेली आणि पडद्यावर चाकं, दोऱ्या आणि बारा बाण दिसले. स्कॅनरवरच्या बाईंनी पट्टा थांबवला. मागे रांग वाढायला लागली. पुतणीने ओळखपत्र काढलं. "हे ऑलिंपिकमध्ये असतं ना?" बाईंच्या शेजारच्या गड्याने विचारलं. ती म्हणाली, ऑलिंपिकमध्ये असतं ते रिकर्व्ह, बिनचाकांचं. कंपाउंडची मिश्र जोडी २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा येणार. एवढं बोलून तिने जिंकलं होतं, पण रांगेतल्या एका गृहस्थांना राहवलं नाही. "चाकं आहेत म्हणजे फसवणूकच की. अर्जुनाला कुठे होती चाकं?" त्यावर रांगेत दोन तट पडले. अर्जुनाच्या बाजूने बहुमत होतं. आम्ही मधल्यामध्ये सुटलो.

सरांचं घर एका जुन्या इमारतीत. बंद केलेल्या गॅलरीत एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला बो-प्रेस, मध्ये तुळस. भिंतीत ठोकलेल्या फळीवर हाताने फिरवायचा विंच, त्यावर धनुष्य लावून हळूहळू ओढता येतं आणि दोन्ही कॅम कसे फिरतात ते शांतपणे बघता येतं. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळाच्या टोकाला फोमचा ठोकळा. अंतर चार पावलं. बाण मारायच्या आधी सर ओरडतात, "आई, क्लिअर?" आतून उत्तर येतं, "थांब, कुकर उतरवते." मग शिट्टी, मग झाकणाचा आवाज, मग "मार आता."

सरांनी धनुष्य हातात घेतलं नाही. आधी विचारलं, "काय काय हलवलंय?"

पुतणीने सांगितलं. रेस्ट. वरचा बोल्ट. पीप. साइट. मधूनच कुणीतरी रिलीज जिथे अडकतं त्या डी-लूपची गाठ सरकवली असावी, नक्की सांगता येत नाही. सर ऐकत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. बरेच रुग्ण पाहिलेला माणूस होता. "आधीची मापं लिहिलेली आहेत?" नव्हती. त्यांनी एक वही पुढे केली. दोन्ही कॅमच्या आसांमधलं अंतर, पकडीपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर, नॉकची उंची, पीपची उंची, ओढायचं वजन. सगळं मोजून लिहायला लावलं आणि मग कंपनीच्या मापांवर धनुष्य परत आणलं. त्यात दुपार गेली. मुलुंडमध्ये दोन दिवसांत लागलेले सगळे शोध एकेक करून उलटे फिरवले गेले. शेवटी शेपूट पुन्हा डावीकडे, इंचभर, खंडेनवमीनंतर होतं तिथेच. सरांना आनंद झाला. "आता आजार एकच आहे," ते म्हणाले.

मला वाटलं आता प्रेसवर चढवणार. पण त्यांनी पुतणीला बोळात उभं केलं आणि धनुष्याकडे न बघता तिच्या डाव्या हाताकडे बघायला लागले. कंपाउंड धनुष्य पकडायचं नसतं. अंगठ्याखालच्या उशीवर ते टेकतं, बोटं सैल, हात नुसता टेकू. बाण सुटल्यावर ते पुढे पडू नये म्हणून बोटांना दोरी बांधलेली असते. मुठीत धरलं की मनगट नकळत पिळतं, रायझर केसभर फिरतो, आणि शेपूट बाजूला. पुतणीची चारही बोटं रायझरभोवती घट्ट. पेरं पांढरी पडलेली.

"साताऱ्यात अशी धरायचीस?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मुंबईत आल्यावर कशाने जातेस कॉलेजला?"

"लोकलने."

सर काही बोलले नाहीत. त्यांना हे नवीन नसावं. दाराशी उभं राहून दांडा धरणारा हात संध्याकाळी मैदानावर येतो तेव्हा समोर आलेली कुठलीही उभी वस्तू तो जिवाच्या आकांताने धरतो. त्यांनी तिला बोटं हवेत पसरायला लावली, धनुष्य नुसतं टेकवायला लावलं. "आई, क्लिअर?" "मार." कागदातली फाट निम्मी झाली.

हे पाहून माझी थोडी निराशा झाली, हे कबूल करतो. एवढ्या लांब येऊन काही उघडलंच नाही. पण उरलेली निम्मी फाट हातामुळे नव्हती, आणि तिथे सरांची खरी करामत. नव्या स्ट्रिंग आणि केबल पहिल्या काही शे बाणांत ताणून बसतात, आणि तीनही सारख्या ताणल्या जात नाहीत. विंचवर धनुष्य ओढलं तर दिसलं, की वरचा कॅम थांब्याला आधी टेकतो, खालचा कागदाच्या जाडीएवढा मागे. आणि वरचा कॅम सरळ उभा नाही, किंचित कललेला. त्याला धरणारी केबल टोकाशी दोन फाट्यांत विभागते, तिला योक म्हणतात. सरांनी प्रेसमध्ये लिंब दाबले, योकच्या एका फाट्याला अर्धा पीळ दिला, दुसऱ्याचा अर्धा काढला. अर्धा पीळ म्हणजे धाग्याचा अर्धा वळसा, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. प्रेस सोडला. कागद. वहीत नोंद. मग केबलला अर्धा पीळ, दोन्ही कॅम एकत्र टेकेपर्यंत. कागद. नोंद. प्रत्येक वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी सरांच्या आई कुकर, कढई किंवा मोरीतून परवानगी देत होत्या. अंधार पडता पडता कागदात एक गोल भोक आणि त्याच्याच काठाला तीन चिरा उमटल्या. सरांनी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रायझरवर पांढऱ्या पेनाची बारीक रेघ मारली. स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसेल. "घाटकोपरच्या जिन्यासाठी," ते म्हणाले.

घाटकोपरच्या जिन्यात साइटचा एक स्क्रू हललाच. रेघ जुळवून तो परत बसवायला प्लॅटफॉर्मवरचा बाक पुरला. दुसऱ्या दिवशी मैदानावर पिसं नसलेला बाण आणि पिसांचा बाण अठरा मीटरवर शेजारी शेजारी लागले, आणि पुतणीने वहीवर तारीख घालून खाली दुहेरी रेघ ओढली.

ते भोक पडलेलं पान तिने घरी आणलं तेव्हा आमचे सेक्रेटरी दारातच भेटले. त्यांनी ते प्रकाशात धरून नीट बघितलं. सहा कारणांतून खरी दोन कशी शोधली ते पुतणीने सांगितलं. सेक्रेटरी विचारात पडले.

"हे तुमचे सर आमच्या बी विंगचं बघतील का?"

तिने त्यांच्यासमोरच फोन लावला. सर पलीकडून म्हणाले, एका वेळी एकच नळ बंद करा, एक दिवस थांबा, डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा, तारीख टाका. बाकी कशाला हात लावू नका.

सेक्रेटरींना ते फार पटलं. त्याच संध्याकाळी तातडीची मीटिंग झाली आणि एकमताने ठरलं : सरांच्या पद्धतीने जायचं. त्यासाठी तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमच्या लाद्या, चौथ्याची मोरी आणि गच्चीवरची टाकी सोमवारी एकदमच फोडायला घ्यायची, म्हणजे कारण एका वेळीच कळेल.